तयार आहे!

आमच्या गल्लीतला शिंपी 'शर्ट तयार आहे' म्हणायचा, तेव्हा कापडाची आणि कात्रीची अजून ओळखही झालेली नसायची. पण बिचारा खोटं बोलताना मान तरी खाली घालायचा. आमच्या बँकेतला कॉम्प्युटर तेवढीही लाज बाळगत नाही.

मी कोल्हापुरातल्या एका बँकेत कारकून. काउंटरवर पासबुकं भरून देतो, म्हणजे भरतं मशीन आणि शिव्या खातो मी. पडद्याच्या कोपऱ्यात बारा महिने हिरव्या अक्षरांत लिहिलेलं असतं, 'प्रिंटर तयार आहे'. एकदा प्रिंटर दुरुस्तीला गेला होता, टेबलावर नुसता धुळीचा चौकोन उरला होता. तरी तो तयारच!

गेल्या नोव्हेंबरात एक मावशी गगनबावड्याहून ५५ किलोमीटर एसटीने आल्या. पेन्शन जमा झाली का, एवढंच बघायचं होतं. मी पासबुक सरकवलं, बटण दाबलं. मशीन गप्प. कॉम्प्युटरने मात्र सातही नोंदी 'छापल्या' म्हणून मांडून टाकल्या. आता पुन्हा छापायच्या तर साहेबांची परवानगी हवी, आणि साहेब मीटिंगला. मावशी कोऱ्या पानाकडे बघत म्हणाल्या, "मग पैसं आल्यालंच न्हाईत म्हणायचं की!"

"मावशी, पैसे आलेत, छापलेले नाहीत एवढंच," असं मी घसा ताणून सांगितलं. पण कागदावर नसलेल्या पैशांवर माझ्यासारख्या बी.कॉम. माणसाचा विश्वास बसत नाही, त्यांचा कसा बसावा? शेवटी चिठ्ठीवर आकडे लिहून दिले. त्या पदराच्या गाठीत बांधून त्या गेल्या.

मग शिपायाला केबल सैल दिसली. त्याने ती खोचली मात्र, मशीन खडखडलं आणि मावशींच्या साती नोंदी पुढच्या माणसाच्या पासबुकात उतरल्या. तो गुळाचा व्यापारी. पस्तिशीतच पेन्शन सुरू झालेली बघून तो खूष झाला, मी मात्र घामाघूम.

कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या पोराने खुलासा केला तो असा. आपला प्रोग्रॅम प्रिंटरला विचारतच नाही! तो विंडोजमधल्या स्पूलर नावाच्या मध्यस्थाला विचारतो. आलेली कामं रांगेत लावणं हे त्याचं काम. त्याच्याकडे कुणाची तक्रार आली नसेल, तर तो 'तयार' म्हणतो. मिसळीच्या हॉटेलातला पोऱ्या भिंतीवरची पाटी वाचून 'आहे' म्हणतो ना, तसं. कट संपलाय हे आचाऱ्यालाच ठाऊक!

बरं, यंत्र मुकं आहे म्हणावं, तर तेही नाही. १९७० च्या सेंट्रॉनिक्स प्रिंटरच्या केबलीतसुद्धा 'मी कामात आहे' आणि 'कागद संपला' हे सांगायला स्वतंत्र तारा होत्या. १९९४ च्या आयईईई १२८४ ने तर दुतर्फा संभाषणाची रीतच घालून दिली. पन्नासहून अधिक वर्षं प्रिंटर सांगतोय, ऐकणारा दुसऱ्याच खिडकीत उभा! (घरच्या वायफाय प्रिंटरची तऱ्हा उलटी. समोर दिवा लावून बसलेला असतो आणि पडद्यावर 'ऑफलाइन'.)

तेव्हा माझं भांडण प्रिंटरशी नाही, प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांशी आहे. छापल्याचा निरोप आल्याशिवाय 'छापले' लिहू नका. ठाऊक नसेल तर 'ठाऊक नाही' लिहा, त्यात कमीपणा कसला? मी रोकड न मोजता 'बरोबर' म्हणून सही केली, तर संध्याकाळी घरी बसवतील मला.

हे सगळं टाइप करून साहेबांना द्यायचं ठरवलं होतं. पडद्यावर बघितलं, तर प्रिंटर तयार होता. म्हणून हातानेच लिहून दिलं.