पेन्शनरांपुढील पेच

२९ ऑक्टोबर २०२४ रोजी, धनत्रयोदशीच्या दिवशी, केंद्र सरकारने आयुष्मान भारत योजनेचे दार सत्तरी गाठलेल्या प्रत्येक नागरिकास उघडले. उत्पन्नाची अट नाही, हप्ता नाही; कुटुंबातील सत्तरीपुढील सर्वांस मिळून वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत इस्पितळातील उपचार विनामूल्य. राज्याची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना सर्व कुटुंबांना लागू करण्याचा निर्णय त्याआधीच, २०२३ मध्ये, झाला होता. या दोन्ही निर्णयांचे स्वागतच केले पाहिजे. तथापि त्यांमुळे मलकापुरातील निवृत्त शिक्षक, बँक कर्मचारी व रेल्वे कामगार यांच्यापुढे एक पेच उभा राहिला आहे. सरकारी कार्ड हाती आल्यावर, वर्षानुवर्षे हप्ते भरून जपलेली खासगी पॉलिसी चालू ठेवावी काय?

प्रश्न वरवर हिशेबाचा दिसतो. वस्तुतः तो दोन भिन्न व्यवस्थांतील निवडीचा आहे. कार्डाच्या व्यवस्थेत उपचारांची यादी, त्यांचे दर आणि रुग्णालये ही सारी आधीच ठरलेली असतात. रुग्णाने अंगीकृत रुग्णालयातच जावयाचे, रुग्णालयाने ठरल्या दरात काम करावयाचे. यामुळे खर्चाला लगाम बसतो खरा, पण रुग्णाच्या निवडीलाही बसतो. पॉलिसीची तऱ्हा याच्या उलट. इस्पितळ निवडण्यास अधिक मोकळीक, बिल भरून मागाहून भरपाई मागण्याचीही सोय. मात्र हप्ता वयाबरोबर चढत जातो आणि काही पॉलिसींत बिलाचा ठरावीक हिस्सा रुग्णाच्याच माथी येतो.

पुण्या-मुंबईच्या पेन्शनरास हा भेद तितकासा जाचत नाही, कारण तेथे अंगीकृत रुग्णालय हाकेच्या अंतरावर असू शकते. मलकापूरच्या वृद्धास हृदयविकाराच्या मोठ्या उपचारासाठी जळगाव, अकोला वा छत्रपती संभाजीनगरचा रस्ता धरावा लागतो. त्याच्या कार्डाचे मोल त्यावर छापलेल्या लाखांनी नव्हे, तर रुग्णालयापर्यंतच्या मैलांनी ठरते.

म्हणून आमचे स्पष्ट मत असे की, ज्यांना हप्ता झेपतो त्यांनी कार्ड अवश्य काढावे, पण पॉलिसी मोडू नये. सत्तरीपुढील नागरिकास दोन्ही बाळगण्याची मुभा आहे. पॉलिसी सोडणे एका दिवसाचे काम. ती पुन्हा मिळविणे मात्र तसे नव्हे. एप्रिल २०२४ पासून विमा नियामकाने नव्या पॉलिसीसाठीची ६५ वर्षांची मर्यादा काढली, हे खरे. परंतु पूर्वीच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंतची प्रतीक्षा नव्याने सोसावी लागू शकते, आणि बाहत्तराव्या वर्षी तीन वर्षे हा थोडा काळ नव्हे. शिवाय ज्येष्ठांचा हप्ता वर्षात १० टक्क्यांहून अधिक वाढवावयाचा तर आधी नियामकाचा सल्ला घ्यावा, असे बंधन जानेवारी २०२५ मध्ये कंपन्यांवर आले. वैयक्तिक आरोग्यविम्यावरील १८ टक्के करही २२ सप्टेंबर २०२५ पासून उठला. भार थोडा हलका होत असताना पॉलिसी टाकून देणे शहाणपणाचे नाही.

केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेतील पेन्शनर व माजी सैनिक यांची गोष्ट निराळी. त्यांना जुनी योजना आणि आयुष्मान यांपैकी एकच घेता येते. त्यांनी घाईने जुने दार लावू नये. त्यांच्या योजनेत रोजची औषधेही मिळतात. आयुष्मान कार्ड इस्पितळात दाखल झाल्यावरच कामास येते.

खरी उणीव येथेच आहे. वृद्धाला रोज पोखरतो तो रक्तदाबाच्या व मधुमेहाच्या गोळ्यांचा खर्च. रेल्वेच्या इस्पितळापासून वा आरोग्य केंद्रापासून अडीच किलोमीटरपलीकडे राहणारा रेल्वे पेन्शनर बाह्यरुग्ण सेवेऐवजी मासिक भत्ता घेऊ शकतो. जुलै २०१७ मध्ये तो १,००० रुपये झाला. औषधे त्याहून महाग पडत असतील, तर भत्ता सोडून भुसावळची गाडी धरणे हिशेबाने बरोबर ठरेल. पण गुडघे धरलेल्या माणसास ती वारी कितीदा साधेल? आणि ज्यांना भत्ताही नाही, त्यांचे काय? कर्मचारी पेन्शन योजनेखालील किमान पेन्शन २०१४ मध्ये दरमहा १,००० रुपये ठरली. तेवढ्यावर हप्ता भरण्याची भाषाच अशक्य. बुलढाण्यातून उभ्या राहिलेल्या या पेन्शनरांच्या चळवळीने पेन्शनवाढीबरोबर मोफत वैद्यकीय सेवा मागितली, ती याच कारणाने.

निवडीचे स्वातंत्र्य देऊन सरकारचे कर्तव्य संपत नाही. कोणत्या रुग्णालयात कोणता उपचार कार्डावर मिळतो, याची ताजी यादी प्रत्येक तहसील कचेरीत व टपाल कचेरीत मराठीतून लागली पाहिजे. मोतीबिंदू, मोडलेले हाड यांसारखे वृद्धांचे नेहमीचे उपचार तालुक्याच्या गावीच झाले पाहिजेत. आणि नित्याची औषधे कार्डाच्या कक्षेत आली पाहिजेत. तोवर पेन्शनरांनी आपले कार्ड व पॉलिसी आजारपणापूर्वीच, मुलांना जवळ बसवून, नीट वाचून ठेवावी. इस्पितळाच्या दारात नियम समजून घेण्याची वेळ कोणावरही येऊ नये.