पेटी जपानी, अक्कल कुणाची?

आम्ही अल सद्दमधली मराठी टाळकी शुक्रवारी जमलो की संगीताचा विषय निघतोच, आणि मग कुणीतरी हटकून म्हणतं, "या कीबोर्डवाल्या जपानी कंपन्यांनी वाट लावली गाण्याची!" भारतातल्या मित्रांचंही हेच रडगाणं.

मंडळी, जपान्यांनी फक्त डबा बांधला. आतली अक्कल विद्यापीठातली आहे.

१९५७ साली इलिनॉय विद्यापीठात लेजारेन हिलर (मूळचा रसायनशास्त्राचा माणूस!) आणि लिओनार्ड आयझॅकसन यांनी संगणकाकडून चार तंतुवाद्यांसाठी रचना करून घेतली. पण खरी गंमत १९६७ची. स्टॅनफर्डमधला जॉन चाउनिंग हा संगीतकार, अभियंता नव्हे. सुराला सेकंदाला पाच-सहा वेळा कंप दिला तर तो कंप म्हणून ऐकू येतो. यानं संगणकावर तो वेग शेकड्यांत नेला. कंप गायब आणि सुराचा रंगच बदलला! दोन साध्या लहरींतून घंटा, पितळी वाद्यं, काय हवं ते. अमेरिकेतल्या ऑर्गन बनवणाऱ्यांनी नाक मुरडलं, यामाहानं परवाना घेतला आणि १९८३ साली डीएक्स-७ बाजारात आला. म्हणजे तब्बल सोळा वर्षांनी. मधल्या काळात खुद्द स्टॅनफर्डनंही चाउनिंगला कायम केलं नव्हतं, मग झक मारत परत बोलावलं. असो.

इथे कतारनं एज्युकेशन सिटीत नामांकित विद्यापीठांच्या शाखा आणल्या. पैसा असला की इमारती येतात, प्राध्यापकही येतात. सोळा वर्षं 'याचा उपयोग काय?' न विचारण्याची सवय मात्र विमानानं येत नाही.

आणि आपल्याकडे माणसं नाहीत असं कृपया म्हणू नका. हरी सहस्रबुद्धे कानपूर आयआयटीत संगणकशास्त्र शिकवत, पत्नी वीणाताई ग्वाल्हेर घराण्याच्या गायिका. राग संगणकाला कसा समजावायचा यावर त्यांनी काम केलं. मुंबई आयआयटीत प्रीती राव गायकीतल्या स्वररेषांचा अभ्यास करतात. यातलं कितीसं आपल्या संगीतसभांत पोचलं? आम्ही आपले बावीस श्रुतींवर हमरीतुमरी करण्यात दंग. मोजायला कुणी तयार नाही, आणि मोजणाऱ्याला 'गाण्यातलं काय कळतं?' हे ठरलेलं.

चाउनिंग रात्री-बेरात्री स्टॅनफर्डच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेतल्या संगणकावर बसायचा. तुमच्या गावच्या विद्यापीठात संगीत विभागातल्या पोराला रात्री संगणक विभागात बसू देतात का, एकदा विचारून या. किल्ली कुणाकडे असते तेही विचारा.