स्पीकर तुमचा, पण गाणं वाजणार की नाही हे ठरवतं कोण?

९ मार्च २०२५, रविवार. जगभरात अनेकांनी नेहमीसारखं मोबाइलवर गाणं निवडलं, ते स्पीकरवर पाठवायचं बटण दाबलं आणि स्क्रीनवर मेसेज आला की, या डिव्हाइसवर विश्वास ठेवता येत नाही. वायफाय सुरू होतं, स्पीकर ठणठणीत होता, इंटरनेटचं बिलही भरलेलं होतं. मग बिघडलं काय?

एक तारीख उलटून गेली होती, बस्स.

गूगलने २०१५ साली क्रोमकास्ट ऑडिओ नावाची छोटीशी चकती बाजारात आणली होती. किंमत ३५ डॉलर. ती वायरने जुन्या स्पीकरला जोडली की तो साधा स्पीकर वायफायवरून गाणी वाजवू लागायचा. २०१९ मध्ये गूगलने ही चकती बनवणं थांबवलं, पण लोकांनी घेतलेल्या चकत्या चालूच होत्या. तिच्यात आणि त्याच काळातल्या दुसऱ्या पिढीच्या क्रोमकास्टमध्ये 'मी अस्सल आहे' हे मोबाइलला पटवून देणारं डिजिटल प्रमाणपत्र असतं. त्या साखळीतल्या एका प्रमाणपत्राची दहा वर्षांची मुदत त्या दिवशी संपली. पेन्शनर स्वतः बँकेत उभा असतो, पण हयातीचा दाखला नाही म्हणून पेन्शन अडकते ना, अगदी तसंच.

गूगलने काही दिवसांत अपडेट पाठवून हे दुरुस्त केलं. मधल्या काळात 'रिसेट करू नका' असंही सांगितलं, पण तोवर अनेकांनी ते करून टाकलं होतं. आपण तरी दुसरं काय केलं असतं?

गाणं स्पीकरपर्यंत पोहोचतं कसं?

ब्लूटूथमध्ये मोबाइल थेट स्पीकरशी बोलतो. मोबाइल घेऊन लांब गेलात की गाणं तुटतं. वायफायचा प्रकार वेगळा आहे. इथे दोन पद्धती आहेत. पहिल्या पद्धतीत कम्प्युटर किंवा मोबाइल स्वतः आवाज पाठवतो. अ‍ॅपलने २००४ मध्ये एअरट्यून्स आणलं ते असं होतं. कम्प्युटरवरच्या आयट्यून्समधलं गाणं हॉलमधल्या स्पीकरवर वाजायचं. गंमत म्हणजे त्याला रिमोटच नव्हता, त्यामुळे गाणं बदलायला उठून कम्प्युटरपाशी जावं लागायचं.

दुसऱ्या पद्धतीत मोबाइल फक्त 'हे वाजव' असा निरोप देतो आणि स्पीकर स्वतः इंटरनेटवरून गाणं आणतो. म्हणून मोबाइल घेऊन तुम्ही भाजी आणायला गेलात तरी घरात गाणं चालूच राहतं.

खरी कसरत असते ती सगळे स्पीकर एका वेळी वाजवण्याची. हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यात अर्ध्या सेकंदाचा फरक पडला, तरी जत्रेत लांबलांब लावलेल्या कर्ण्यांसारखं एकच ओळ दोनदा ऐकू येते. म्हणून स्पीकर आपापली घड्याळं जुळवून घेतात आणि थोडं गाणं आधीच साठवून ठेवतात. बटण दाबल्यावर जो क्षणभर उशीर होतो, तो बऱ्याचदा यामुळेच.

सोनोसचं काय झालं?

घरभर स्पीकर या कल्पनेवरच सोनोस ही अमेरिकन कंपनी उभी राहिली. ७ मे २०२४ ला त्यांनी नवं अ‍ॅप आणलं आणि जुन्या अ‍ॅपमधल्या कितीतरी सोयी गायब झाल्या. अलार्म नाही, स्लीप टायमर नाही. घरच्या कम्प्युटरवर साठवलेली गाणी शोधायची सोयही गेली. हजारो रुपयांचे स्पीकर जागच्या जागी होते, बदललं होतं फक्त अ‍ॅप. जुलैमध्ये सीईओ पॅट्रिक स्पेन्स यांनी जाहीर माफी मागितली, ऑगस्टमध्ये सुमारे १०० जणांची नोकरी गेली आणि जानेवारी २०२५ मध्ये खुद्द स्पेन्स यांनाही पद सोडावं लागलं.

यातली घरच्या गाण्यांची गोष्ट मला सगळ्यात जास्त खटकते. आपल्याकडे कितीतरी घरांत कॅसेटवरून कम्प्युटरवर उतरवलेली नाट्यगीतं, भजनं, कुणा आजोबांच्या आवाजातलं कीर्तन हार्ड डिस्कवर पडून आहे. ते कुठल्याही स्ट्रीमिंग अ‍ॅपवर मिळणार नाही. कंपनीच्या दृष्टीने तो मेन्यूतला एक पर्याय असतो, घरासाठी मात्र तेवढीच प्रत असते.

याच्या उलट उदाहरण स्क्वीझबॉक्सचं. लॉजिटेकने २०१२ मध्ये हे प्लेअर बंद केले, २०२४ मध्ये त्यांची ऑनलाइन सेवाही गेली. तरीही जुने प्लेअर आज वाजतात, कारण ते घरच्या कम्प्युटरवरच्या सर्व्हरवर चालतात आणि त्याचं सॉफ्टवेअर ओपन सोर्स आहे. आता लिरियन म्युझिक सर्व्हर या नावाने लोकच ते सांभाळतात.

मग घेताना काय बघायचं?

ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून कंपन्यांना अशा उपकरणांसाठी सुरक्षेचे अपडेट किमान कधीपर्यंत मिळतील हे जाहीर करावंच लागतं. आपण दुकानात आवाज किती दणदणीत आहे ते बघतो, हा प्रश्न सहसा विचारत नाही. विचारा. शक्य असेल तर इंटरनेट बंद करून, फक्त घरच्या वायफायवर कम्प्युटरमधलं गाणं वाजतं का तेही बघा.

आणि मागच्या बाजूला वायर लावायची पिन आहे का, हे नक्की बघा. बोसने ऑक्टोबर २०२५ मध्ये साउंडटच स्पीकरची क्लाउड सेवा बंद करणार असल्याचं सांगितलं, तेव्हा ग्राहक भडकले. पुढे कंपनीने मुदत वाढवली आणि या स्पीकरशी जोडणारं सॉफ्टवेअर इतरांनाही बनवता यावं म्हणून तांत्रिक माहिती खुली केली. पण पहिल्या घोषणेतही एक गोष्ट चालूच राहणार होती, ती म्हणजे ऑक्सची वायर.