सानेगुरुजी टीईटी पास झाले असते का?

पारोळ्यात काय किंवा राज्यातल्या कुठल्याही तालुक्यात, जिल्हा परिषदेच्या शिक्षकांसमोर सध्या एकच तारीख आहे: ऑगस्ट २०२७ ची अखेर. तोवर टीईटी पास व्हायचं, नाहीतर नोकरी जाणार.

प्रकरण काय आहे?

सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ ला निकाल दिला. पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या आणि निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त काळ उरलेल्या शिक्षकांना शिक्षक पात्रता परीक्षा दोन वर्षांत पास व्हावीच लागेल. पाच वर्षांपेक्षा कमी उरली असतील, तर नोकरी राहील, पण बढती नाही. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांचा प्रश्न मोठ्या खंडपीठाकडे गेला.

अडचण अशी की ही परीक्षा आली शिक्षण हक्क कायद्यानंतर, म्हणजे २०१० पासून. महाराष्ट्रात ती पहिल्यांदा झाली २०१३ मध्ये. त्याआधी रीतसर डी.एड. करून लागलेल्यांचं म्हणणं, आमच्या वेळी ही अटच नव्हती. डिसेंबर २०२५ मध्ये संघटनांनी शाळा बंद ठेवून आंदोलन केलं, ते याचसाठी.

पण परीक्षा मोजते काय?

पहिली ते पाचवीचा पेपर घ्या. १५० प्रश्न, अडीच तास, चार पर्यायांतून एक उत्तर. बालमानसशास्त्र, दोन भाषा, गणित आणि परिसर अभ्यास, प्रत्येकी ३० गुण. खुल्या प्रवर्गाला ६० टक्के हवेत.

आता पारोळ्याहून वीसेक किलोमीटरवरच्या अमळनेरला जाऊ. तिथे १९१६ मध्ये प्रताप शेठ यांनी तत्त्वज्ञान मंदिर उभं केलं. पांडुरंग सदाशिव साने तिथे आले ते तत्त्वज्ञानाचा अभ्यास करायला. पण त्यात मन रमेना. १९२४ मध्ये ते गावातल्या हायस्कूलमध्ये शिक्षक झाले. मुलांचं वसतिगृहही त्यांच्याकडे आलं. मुलांच्या खोल्या झाडणं, त्यांचे कपडे धुणं, त्यांच्यासाठी हाताने लिहून ‘छात्रालय दैनिक’ काढणं, हे सगळं साने मास्तर करायचे. १९३० मध्ये नोकरी सोडून ते सत्याग्रहात गेले. जेमतेम सहा वर्षांची मास्तरकी, पण ‘गुरुजी’ हे नाव कायमचं चिकटलं.

(ते हायस्कूलला शिकवायचे, त्यामुळे टीईटी त्यांना लागूच झाली नसती. आणि एम.ए. झालेला माणूस पासही सहज झाला असता.)

वसतिगृहातलं ते काम कुठल्याच पेपरात बसत नाही. तरीही ‘आम्ही मनापासून शिकवतो, परीक्षा कशाला’ हा युक्तिवाद अपुरा आहे. न्यायालयाने निकालात मुलाचा दर्जेदार शिक्षणाचा हक्क पुढे ठेवलाय. पारोळ्याच्या शेतमजुराची मुलगी चौथीत जाऊनही भागाकार करू शकत नसेल, तर शिक्षकाच्या मायेने तिचं नुकसान भरून निघत नाही. तिला खासगी क्लासही परवडत नाही.

मात्र या परीक्षेवर आंधळा विश्वास ठेवावा, अशीही स्थिती नाही. २०१९ च्या टीईटीत गैरव्यवहार उघड झाला आणि सात हजारांहून जास्त उमेदवारांवर कारवाई झाली. आणि वर्गात जाऊन शिक्षक शिकवतो कसा, हे बघण्याची सोय या परीक्षेत नाही. तो पास झाला की प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं.