आवाजाचा ‘ठसा’ असतो का?

गुन्हेतपासात आलेल्या विज्ञानाने निरपराधांचेही रक्षण केले आहे, हे आधी मान्य केले पाहिजे. इंग्लंडमधील लेस्टरशायर परगण्यात १९८६ साली डीएनए चाचणी तपासासाठी वापरली गेली, तेव्हा खुनाची कबुली देऊन बसलेला एक तरुण निर्दोष ठरला. खरा गुन्हेगार पुढे सापडला. अशा घटनांतून प्रयोगशाळेविषयी जो विश्वास निर्माण झाला, तो मात्र प्रत्येक नव्या तंत्राला आपोआप मिळू नये.

भाषेचा अभ्यासक म्हणून मला ‘आवाजाचा ठसा’ ही शब्दयोजना खटकते. बोटांवरील रेषा आयुष्यभर त्याच राहतात. आवाज सर्दीने, भीतीने, वयाने बदलतो. एकच माणूस आईशी आणि साहेबांशी वेगवेगळ्या स्वरात बोलतो. पारंपरिक दूरध्वनी तर साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच ध्वनिपट्टा वाहून नेतो, त्यामुळे ‘स’सारख्या घर्षक ध्वनीचा मोठा अंश वाटेतच गळतो. संगणकीय पद्धती पुष्कळ सुधारल्या असल्या, तरी त्यांच्याकडून मिळते ते संभाव्यतेचे माप.

ध्वनिविचाराच्या घटकात आपण बोलींतील उच्चारभेद पाहिले आहेत. वऱ्हाडीत ‘जवळ’चे ‘जवय’ होते. धमकीच्या ध्वनिमुद्रणात ‘जवय’ आहे आणि संशयितही ‘जवय’ म्हणतो, तर बोलीशी अपरिचित तज्ज्ञाला ते एकाच व्यक्तीचे लक्षण वाटेल. वस्तुतः ते साऱ्या गावाचे असू शकते!

संशयिताला आवाजाचा नमुना देण्याचा आदेश काढण्याचा दंडाधिकाऱ्यांचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये मान्य केला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही ती तरतूद आहे. मला ती गैर वाटत नाही. खंडणीच्या किंवा लाचेच्या संभाषणात कित्येकदा आवाज हाच मुख्य पुरावा असतो. उपकरणांवरील खर्चाचीही मला फारशी चिंता नाही. सरकारपक्षापाशी न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा असते. गरीब आरोपीला तिचा अहवाल तपासून पाहणारा स्वतःचा तज्ज्ञ परवडत नाही. या तंत्राची खरी किंमत तोच मोजतो, आणि ‘ठसा’ हा शब्द त्याचे उरलेसुरले म्हणणेही दुबळे करतो.

म्हणून अशा अहवालांत ‘ठसा’ऐवजी ‘आवाजाची तुलना’ असे लिहिले जावे आणि ध्वनिमुद्रणातील बोली तज्ज्ञाला कितपत अवगत आहे, याचीही त्यात स्पष्ट नोंद असावी, असे माझे मत आहे.