तिचे गुडघे, त्याचे गुडघे

मुहम्मद अली कोण, हे आपल्या मोहल्ल्यात शेंबडे पोरही सांगेल. हसिबा बुलमर्का कोण, हे मात्र शिकल्यासवरल्यांनाही सांगता येत नाही. आम्हाला हा निव्वळ विस्मरणाचा प्रकार वाटत नाही. काही नावे समाज विसरतो, काही नावे तो घेण्याचे टाळतो. बुलमर्काचे नाव दुसऱ्या प्रकारातले आहे.

अल्जीरियातल्या कॉन्स्टंटाइन शहरातली ही मुलगी. १९९१ साली टोकियोच्या जागतिक ॲथलेटिक्स अजिंक्यपद स्पर्धेत ती महिलांची १५०० मीटरची शर्यत धावली. चारशे मीटरच्या धावपट्टीवर पावणेचार फेऱ्या. या अंतरात नुसता वेग पुरत नाही आणि नुसता दमही पुरत नाही. तीन फेऱ्या स्वतःला आवरून शेवटच्या फेरीत सगळे पणाला लावावे लागते. सोव्हिएत धावपटूंचा दबदबा असलेल्या त्या शर्यतीत तिने तात्याना दोरोव्स्किख आणि ल्युडमिला रोगाचेवा या दोघींना मागे टाकले. ॲथलेटिक्सचे जागतिक अजिंक्यपद मिळवणारी ती पहिली आफ्रिकी स्त्री. वय वर्षे तेवीस.

मायदेशी स्वागत झाले, राष्ट्राध्यक्षांनी गौरव केला. आणि मशिदींच्या मिंबरवरून तिचा धिक्कारही झाला. हजारो परपुरुषांसमोर ती उघड्या पायांनी धावली, हा तिचा गुन्हा! पुढे जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. तिला देश सोडून बर्लिनमध्ये सराव करावा लागला.

आता त्याच स्पर्धेतली दुसरी गोष्ट ऐका. पुरुषांची १५०० मीटर शर्यत कुणी जिंकली? अल्जीरियाच्याच नूरुद्दीन मोर्सेलीने. तोच देश, तोच दीन, तीच धावपट्टी, तेच अंतर आणि तशीच आखूड चड्डी. त्याच्या मांड्यांवर मात्र कुणाला खुत्बा सुचला नाही.

सतरचाच प्रश्न असेल तर तो सरळ मांडू या. पुरुषाचा सतर नाभीपासून गुडघ्यापर्यंत, हे आपल्याकडच्या दोन्ही मजहबांत शिकवले जाते. गुडघा त्यात धरायचा की नाही, एवढ्यापुरता कोकणातल्या शाफईंचा आणि घाटावरच्या हनफींचा फरक. मांडीबद्दल दोघांचे एकमत आहे. अल्जीरियात मालिकी मजहब चालतो. तो मांडीबाबत जरा सौम्य, पण ती उघडी टाकणे त्यालाही पसंत नाही. म्हणजे कायदा लावायचाच तर मोर्सेलीलाही लागत होता. स्त्रीचा सतर मोठा आहे, असे उत्तर येईल. असू द्या. पण लहान सतर मोडला तर मौन आणि मोठा मोडला तर मौत, हा कुठल्या किताबातला न्याय? ज्यांना एकाच घरातल्या भावाची मांडी दिसत नाही आणि बहिणीचे गुडघे दिसतात, त्यांचा आग्रह शरियतचा नाही. तो मालकीचा आहे.

बुलमर्काने कधी दीन सोडला नव्हता. आपण मुसलमान आहोत, नमाज-रोजा आपला आहे आणि धावण्याचे कपडे हे धावण्याचे कपडे आहेत, अशी तिची साधी भूमिका होती. ८ ऑगस्ट १९९२ रोजी बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये ती बंदोबस्तात उतरली आणि ३ मिनिटे ५५.३० सेकंदांत पुन्हा पहिली आली. १९६२ साली स्वतंत्र झालेल्या अल्जीरियाचे हे पहिले ऑलिंपिक सुवर्णपदक. जूनमध्ये हत्या झालेले राष्ट्रप्रमुख मुहम्मद बूदियाफ यांना तिने ते अर्पण केले. त्याच ऑलिंपिकमध्ये मोर्सेली सातवा आला. देशाची लाज राखली ती उघड्या गुडघ्यांच्या मुलीने.

‘धावू द्या, पण झाकून धावू द्या,’ असे आपल्यातले मवाळ म्हणतील. त्यांच्यासाठी आणखी एक शर्यत सांगतो. बरोबर वीस वर्षांनी, ८ ऑगस्ट २०१२ रोजी, लंडन ऑलिंपिकमध्ये सारा अत्तार ही सौदी अरेबियाची धावपटू ८०० मीटर धावली. डोके, हात, पाय झाकलेले. वेळ २ मिनिटे ४४.९५ सेकंद, शेवटून दुसरीच्याही अर्ध्या मिनिटाहून अधिक मागे. प्रेक्षकांनी उभे राहून टाळ्या वाजवल्या, आम्हीही त्या मुलीला सलाम करतो. पण सारा वाढली अमेरिकेत, कॅलिफोर्नियात. तिचा सराव तिथलाच आणि ती मुळात लांब पल्ल्याची धावपटू. सौदीला आपल्या शाळांतून धावणारी मुलगी का मिळाली नाही? कारण तिथल्या सरकारी शाळांत मुलींना व्यायामाचा तासच नव्हता. तो मंजूर झाला २०१७ साली. कपड्यांचा प्रश्न पूर्ण सुटलेला असूनही मैदान नव्हते. म्हणजे मूळ वाद कपड्यांचा नव्हताच!

आणि जे स्वतःला आधुनिक म्हणवतात, त्यांचाही हिशेब मांडायला हवा. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये यजमान फ्रान्सने आपल्याच संघातल्या मुलींना हिजाबची बंदी केली. सुंकाम्बा सिला या धावपटूला उद्घाटन सोहळ्यात डोक्यावर टोपी घालून जावे लागले. तिकडे मौलवी कापड कमी म्हणून अडवतो, इकडे मंत्री कापड जास्त म्हणून अडवतो. दोघांच्या हातात टेप एकच. मुलीने घड्याळात किती सेकंद नोंदवले, हे दोघांनाही विचारावेसे वाटत नाही.

याच पॅरिसमध्ये सिफान हसनने दोघांनाही उत्तर दिले. इथिओपियात जन्मलेली, नेदरलँड्सकडून धावणारी ही मुसलमान स्त्री. २०१९ साली दोहाच्या जागतिक स्पर्धेत तिने १५०० आणि १०,००० मीटर, दोन्ही शर्यती जिंकल्या; एकाच जागतिक स्पर्धेत असे आधी कुणीही केले नव्हते. पॅरिसमध्ये ती मॅरेथॉन उघड्या डोक्याने धावली, जिंकली आणि त्याच दिवशी पदक घ्यायला हिजाब घालून आली. ना मुफ्तीला विचारले, ना मंत्र्याला. आम्ही मागतो ते एवढेच: डोके तिचे, निर्णय तिचा.

स्त्रीने धावणे इस्लामला शोभत नाही, असे म्हणणाऱ्यांना दोन गोष्टींची आठवण देतो. हजरत आयेशा (र.) यांनी पैगंबरांशी (स.) धावण्याची शर्यत लावली आणि त्या पहिल्या वेळी जिंकल्या, ही हदीस आहे. आणि सई कशाची आठवण आहे? तहानलेल्या बाळासाठी सफा-मरवाच्या मध्ये धावलेल्या बीबी हाजरांची. प्रत्येक हाजी त्या सात फेऱ्या घालतो, साधारण तीन किलोमीटर. आज तिथे हिरव्या दिव्यांच्या टप्प्यात पुरुषांनी धावायचे आणि बायकांनी चालायचे, असा मसला सांगतात. त्यावर आमचा वाद नाही. पण एका आईच्या धावण्याला ज्या दीनाने इबादतीचा दर्जा दिला, त्याच्या नावाने मुलींचे पाय बांधू नका.

वाचकहो, प्रश्न टोकियोचा नाही. आपल्या संस्थांच्या, अंजुमनांच्या शाळांना मैदाने आहेत. त्यांवर संध्याकाळी कोण खेळते? मुलगे. मुली पाचवी-सहावीपर्यंत दिसतात, मग भिंतीआड जातात, आणि आपण त्याला संस्कार म्हणतो. संचालक मंडळींनी रोज एक तास ते मैदान मुलींसाठी ठेवावे, शिकवायला जाणती बाई नेमावी. सलवारीत धावायचे की ट्रॅकपँटमध्ये, ओढणी बांधायची की नाही, हे त्या ठरवतील. बापांनी फाटकाशी उभे राहून कपडे मोजू नयेत. मोजायचेच असेल तर हातात घड्याळ घ्यावे.