फवारणीला मजुरी आहे, बघण्याला नाही

सप्टेंबर संपत आला की आमच्या नागभीड-सिंदेवाही भागातल्या कुठल्याही कृषी केंद्राच्या काउंटरपाशी थोडा वेळ उभं राहावं. "मावा आला जी, काही तरी द्या," एवढंच बोलणं होतं आणि दुकानदार मागच्या फळीवरून दोन डबे काढून पुढे ठेवतो. आमच्याकडे मावा म्हणतात तो तुडतुडा. पण कोणता? तपकिरी, पांढऱ्या पाठीचा की हिरवा? एका चुडात किती दिसले? कोळी आहेत का? बांधीत पाणी साचलेलं आहे का, युरिया कधी टाकला? दुकानदार विचारत नाही, कारण मागे रांग असते. आणि विचारलं तरी सांगणार कोण? औषध घ्यायला आलेला घरधनी धुऱ्यावरून नजर टाकून आलेला असतो. धुऱ्यावरून धान हिरवागारच दिसतो.

मी धान पिकवणारी बाई आहे. माहेर आरमोरी तालुक्यातलं, सासर नागभीडकडचं, म्हणजे वैनगंगेच्या दोन्ही अंगांचा चिखल पायाला लागलेला. रोवणी, निंदण, कापणी ही कामं आम्ही बाया टोळीने करतो. या कामांत दिवसभर डोकं गुडघ्याच्या खाली असतं. तुडतुडाही तिथेच राहतो. तरी कीड आली की नाही, फवारायचं की नाही, काय फवारायचं, हे ठरवताना आम्हांला कोणी विचारत नाही. फवारणाऱ्या गड्याला दिवसाची मजुरी मिळते, डब्याचे पैसे दुकानात जातात, पंपाला अनुदान असतं. बघणाऱ्याला काही नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की धानाच्या किडीवर खर्च होणाऱ्या पैशातला पहिला पैसा बघण्यावर खर्च व्हावा, आणि तो गावातल्याच बाईच्या हातात पडावा.

बघणं म्हणजे काय ते आधी सांगते. तपकिरी तुडतुडा जेमतेम तीन-चार मिलिमीटरचा. पाण्याच्या जरा वर, चुडाच्या बुडाशी, सावलीत बसून तो रस ओढतो. मादी अंडी घालते ती पानाच्या आवरणाच्या आत, म्हणून फवाऱ्यातून ती वाचतात. खायला मुबलक असलं की आखूड पंखांच्या माद्या निपजतात. त्या दूर उडत नाहीत, पण अंडी भरपूर घालतात. त्या दिसू लागल्या की समजावं, पुढची पिढी याच बांधीत वाढणार. मग एक दिवस बांधीच्या मधोमध गोल चट्टा पडतो, धान जळल्यासारखा तपकिरी होतो आणि चट्टा रोज पसरतो. तोवर दुकानात जाऊन उपयोग नसतो, कारण चट्ट्यातला दाणा भरणार नसतो.

चट्टा पडायच्या आधी ओळखायचं तर बांधीत आडवं-तिरपं चालत दहा-वीस चूड निवडायचे, प्रत्येक चूड जरा कलता करून बुडाशी तळहाताने थापटायचं. तुडतुडे पाण्यावर पडतात, मोजता येतात. चुडामागे दहाच्या आसपास भरले तर औषधाचा विचार. त्याखाली असतील तर बांधीतलं पाणी तीन-चार दिवस काढून टाकायचं, युरिया थांबवायचा आणि आठवड्याने पुन्हा मोजायचं. सोबतच कोळी, मिरिड ढेकूण, चतुर किती आहेत तेही बघायचं, कारण तुडतुड्याला खाणारे तेच. धान रोवतानाच ठरावीक ओळींनंतर फूटभराचा पट्टा मोकळा सोडला तर बुडाशी हवा-ऊन पोचतं आणि नंतर मोजायला चालताही येतं. हा पट्टा सोडायचं म्हटलं की घरात भांडण होतं. "एवढी जागा पडीक ठेवू का?" हे मी स्वतःच्या स्वयंपाकघरात ऐकलेलं वाक्य आहे.

प्रत्येक दुखण्याचं बघणं वेगळं. गादमाशीची अळी आत शिरली की पोंग्याची कांद्याच्या पातीसारखी पांढुरकी नळी होते, त्या फुटव्याला लोंब येत नाही. नळी दिसली म्हणजे अळीने काम उरकलेलं असतं. त्या नळीवर फवारा मारणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं. तिचा बंदोबस्त वाण निवडताना, पऱ्ह्यात असताना आणि बांधावरचा देवधान उपटतानाच करावा लागतो. खोडकिड्याची मादी अंड्यांचे पुंजके पानाच्या शेंड्याकडे घालते, म्हणून रोवणीआधी पऱ्ह्यांचे शेंडे खुडून टाकले तर बरीच अंडी तिथेच संपतात. हे काम कोणाच्या हातचं? पेंढ्या बांधणाऱ्या बाईच्याच. आणि कडाकरपा? पानाच्या कडा पिवळ्या पडून वाळत येतात. माणसं त्यालाही करपा समजून बुरशीचं औषध मारतात. काचेच्या पेल्यात स्वच्छ पाणी घ्या, रोगट पानाचा ताजा कापलेला तुकडा त्यात सोडा. काही वेळाने कापलेल्या जागेतून दुधट धागा पाण्यात उतरला तर तो जिवाणू आहे, बुरशीनाशकाने हटणार नाही. वर युरिया टाकला तर उलट वाढेल. या तपासणीला पेला आणि पाणी सोडून काही लागत नाही.

सरकारने काहीच केलं नाही असं मी म्हणणार नाही. २००८ साली विदर्भातल्या सोयाबीनवर पानं खाणाऱ्या अळ्या तुटून पडल्या, त्यानंतर २००९-१० पासून राज्यात क्रॉपसॅप सुरू झालं. ठरलेल्या शेतांत आठवड्याला निरीक्षण, आकडे संगणकावर, त्यावरून विद्यापीठाचा सल्ला आणि शेतकऱ्याच्या मोबाइलवर संदेश. धानही पुढे त्यात आला. कल्पना चांगलीच आहे. पण निरीक्षण होतं ते निवडक गावांतल्या निवडक शेतांत, आणि तुडतुडा पसरतो बांधी-बांधीने. शेजारच्या बांधीत पाणी तुंबलेलं आणि युरिया जास्त असेल तर तिथे तो फुटतो, माझ्याकडे नसतो. संदेश मात्र दोघांना एकच येतो. तोही घरातल्या गड्याच्या फोनवर येतो, जो बँकेच्या आणि रिचार्जच्या संदेशांत बुडून जातो. एटापल्ली-भामरागडकडे रेंजसाठी टेकडी चढावी लागते अशी गावं आहेत, आणि तिथल्या घरात माडिया बोलतात.

बटाटा पिकवणाऱ्यांचं या बाबतीत जरा बरं आहे. बटाट्याच्या उशिरा येणाऱ्या करप्याने १८४५ नंतर आयर्लंडची उपासमार घडवली, पण तो रोग थंडाव्यावर आणि हवेतल्या ओलीवर चालतो. म्हणून तापमान आणि आर्द्रतेच्या आकड्यांवरून त्याचा इशारा आधी देता येतो. केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने देशासाठी त्याचं 'इंडो-ब्लाइटकास्ट' नावाचं प्रारूप बनवलंय. आमच्या तुडतुड्याला ढगाळ, दमट हवा आवडते हे खरं, पण माझ्या बांधीतल्या चुडात आज सहा आहेत की सोळा, हे आभाळ सांगत नाही. तिथे खाली वाकावंच लागतं.

आणि याच वेळी आम्हा बायांना काय दिलं गेलं? ड्रोन. 'नमो ड्रोन दीदी' योजनेला केंद्राने २०२३ च्या अखेरीस मंजुरी दिली. पंधरा हजार बचत गटांना ड्रोन, किमतीच्या ऐंशी टक्के, आठ लाखांपर्यंत मदत, एकूण बाराशे एकसष्ट कोटींची तरतूद. बाईच्या हाती यंत्र येतंय याचा मला आनंदच आहे. पाठीवर पंप घेऊन विषाच्या धुक्यात चालण्यापेक्षा ते कधीही बरं. २०१७ मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसं गेली, ते कोणी विसरलेलं नाही. पण ड्रोन औषध सोडतो वरून. निसवलेल्या दाट धानात वरून पडलेला फवारा बुडापर्यंत कितपत पोचतो, ते चिखलात उभं राहिलेल्याला विचारा. मुळात फवारायचं की नाही हे ठरवायला त्या दीदीला कोणी शिकवलं नाही. तिचं उत्पन्न फवारलेल्या एकरांवर अवलंबून आहे. "या बांधीला गरज नाही" असं ती म्हणाली तर तिचाच धंदा बुडतो.

गरज नसताना मारलेलं औषध नुसतं वाया जात नाही, उलटतं. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातली औषधं कोळी आणि मिरिड ढेकूण मारतात, आवरणातली तुडतुड्याची अंडी वाचतात आणि महिन्याभरात पहिल्यापेक्षा जास्त तुडतुडे होतात. इंडोनेशियाने हे पुरतं भोगलं. सवलतीच्या औषधांनी तिथे धान वाचण्याऐवजी तुडतुडा माजला. शेवटी १९८६ साली राष्ट्राध्यक्ष सुहार्तो यांनी फर्मान काढून धानावरच्या ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली, पुढे अनुदानही काढून घेतलं आणि शेतकऱ्यांना बांधीत नेऊन किडी ओळखायला शिकवण्यावर जोर दिला. आपल्याकडच्या शेतीशाळा त्याच वळणाच्या. चांगल्या चालतात तिथे खरंच चालतात, पण हंगामाबरोबर संपतात, आणि पुढच्या वर्षी बघायचं कोणी, हे कोणाचंच काम नसतं.

"बायांना हे जमेल का?" असा प्रश्न मला एका बैठकीत विचारला गेला. प्रश्न विचारणारा गडचिरोलीतच नोकरी करत होता, म्हणून जास्त हसू आलं. याच जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत थोडंफार शिकलेल्या गावच्या बायांना नवजात बाळाचं वजन करायला, श्वास मोजायला, जंतुसंसर्ग ओळखायला आणि उपचार करायला शिकवलं. नवजात मृत्यूंचं प्रमाण तिसऱ्या वर्षापर्यंत ६२ टक्क्यांनी खाली आलं. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये ते छापून आलं, आणि आज आशाताई घरोघरी नवजात बाळांना बघायला जातात त्यामागे ते काम आहे. बाळाचा श्वास मोजणारी बाई चुडातले तुडतुडे मोजू शकणार नाही? त्या कामात आणखी एक गोष्ट होती. बाईला नुसतं शिकवलं नाही, तिला कामाचा मोबदला दिला आणि तिची नोंद तपासायला कोणीतरी नियमाने आलं.

आणि बघण्याने काय होतं हे नागभीड तालुक्याला तरी सांगायची गरज नसावी. नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांना १९८३ साली स्वतःच्या पटेल-३ च्या धानात काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्या त्यांनी वेगळ्या काढून जपल्या, वर्षानुवर्षं लावून पाहिल्या आणि त्यातून एचएमटी धान आला. दीडेक एकराचा मालक, फारसं शिक्षण नाही. २०१८ साली ते गेले. आज त्यांच्या नावाने भाषणं होतात, पण त्यांनी जे केलं, म्हणजे बांधीत उतरून प्रत्येक लोंबीकडे बघणं, त्याला अजून कोणाच्या अंदाजपत्रकात जागा नाही.

आमच्या भागात बघण्यात एक अडचण आहे ती पुण्या-मुंबईच्या वाचकाला माहीत नसेल. वाघ. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल, सावली या पट्ट्यात धानाची बांधी आणि जंगल यांच्यात कित्येक ठिकाणी एक पांदणच असते. धान कमरेएवढा वाढल्यावर एकट्याने खाली वाकून चूड तपासणं म्हणजे जिवाशी खेळ. प्रकाश सापळा लावा म्हणून सल्ला येतो, गादमाशी आणि खोडकिड्याचा पतंग उजेडाला येतात हे खरं, पण रात्री तो पेटवायला जाणार कोण? म्हणून मी एकट्या सर्वेक्षकाची मागणी करत नाही. चार-पाच बायांची टोळी हवी. एक मोजणार, एक लिहिणार, बाकीच्या मान वर करून रानाकडे बघणार. हा खर्च वाढीव वाटेल, पण सावध राहण्यात जाणारा वेळही आमच्याकडे शेतीच्या कामातच धरावा लागतो.

पैसे कुठून आणायचे? औषधांवर आणि पंपांवर जे जातात त्यातून थोडे काढा, असं मी कृषी विभागाला म्हणेन. पण वाट बघत बसायचीही गरज नाही. मेंढा (लेखा)ला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला, त्यानंतर गडचिरोलीतल्या किती तरी ग्रामसभा बांबू आणि तेंदूपत्त्याचे पैसे स्वतः हाताळू लागल्या. अशा ग्रामसभेने रोवणी उरकल्यापासून धान निसवेपर्यंत आठवड्यातून एक दिवस एका टोळीची मजुरी ठरवली, तर गावातल्या सगळ्या बांध्यांचा आलटून पालटून फेरा होईल. शिकवायला सोनापूरचं कृषी विज्ञान केंद्र आहे, सिंदेवाहीचं संशोधन केंद्र आहे. लागणार काय? एक भिंग, एक वही, एक काचेचा पेला. शनिवारी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहायचं, कोणत्या बांधीत चुडामागे किती, आणि खाली कोळी किती. फळ्यावर आकडा आला की धुऱ्यावरून परतलेल्या घरधन्यालाही तो वाचावा लागेल, आणि दुकानदारालाही विचारता येईल की काकाजी, तुमच्याकडे चार भरले, मग डबा कशाला?